प्लेट फेकण्याआधी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये सकाळी प्लेट वाचायला बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "बॅसिलस आहे मॅडम, कंटॅमिनंट. टाकून देऊ?" विचारणारा टेक्निशियन कामचुकार नसतो. बॅसिलस कुळातले जंतू मातीत, धुळीत, हवेत सगळीकडे असतात. रक्त काढताना कातडी नीट पुसली नाही तरी बाटलीत उतरतात. ग्रॅम स्टेन केला की जांभळ्या रंगाच्या जाडजूड काड्या दिसतात, एकीला एक लागून साखळी झालेल्या. असं दिसलं की वॉर्डला फोन जातो, सॅम्पल पुन्हा पाठवा. जवळजवळ प्रत्येक वेळी हाच निर्णय बरोबर ठरतो. अडचण एवढीच, की अँथ्रॅक्सचा जंतू याच कुळातला आहे आणि भिंगाखाली तो पहिल्या नजरेला आपल्या या भावंडांहून फार वेगळा दिसत नाही.

माझी सगळी नोकरी सरकारी हॉस्पिटलांच्या लॅबमध्ये गेली. जैविक हल्ल्याच्या तयारीच्या बैठकांना बसले, फायली वाचल्या, ड्रिल घेतली. बाहेरच्या माणसाला वाटतं की असा हल्ला झाला तर सायरन वाजेल, कुणीतरी वरून कळवेल. बॉम्ब फुटला तर तसं होतंही. जंतूंचा हल्ला मात्र केसपेपर काढून कॅज्युअल्टीच्या रांगेत उभा राहतो, आणि केसपेपरवर लिहिलेलं असतं, 'ताप, अंगदुखी, २ दिवस'. तिथून पुढे आत काय काय घडतं, त्याचे हे किस्से. काही जगाच्या नोंदीतले आहेत, काही आमच्या घरातले.

२ ऑक्टोबर २००१ च्या पहाटे फ्लोरिडातल्या अ‍ॅटलांटिस इथल्या जेएफके मेडिकल सेंटरमध्ये ६३ वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांच्या पत्नीने आणलं. ताप होता, बोलणं असंबद्ध झालं होतं. ते एका टॅब्लॉइडच्या कचेरीत फोटो एडिटर होते. मेंदूज्वराची शंका आली म्हणून पाठीतलं पाणी काढून तपासायला गेलं. डॉ. लॅरी बुश हे तिथले संसर्गरोगतज्ज्ञ. त्यांनी लॅबचा रिपोर्ट येण्याची वाट पाहिली नाही. ते स्वतः गेले आणि भिंगाला डोळा लावला. समोर पुवाच्या पेशी होत्या आणि त्यांच्यात त्याच जाडजूड काड्या, साखळीने.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हा क्षण नीट कळतो. पाठीतलं पाणी निर्जंतुक असायला हवं. तिथे एवढ्या संख्येने बॅसिलस दिसला तर धुळीवर ढकलून मोकळं होता येत नाही. पण उरतं ते नाव तोंडातून काढायचं म्हणजे मोठी जोखीम. अमेरिकेत श्वासावाटे अँथ्रॅक्स झालेला त्याआधीचा रुग्ण १९७६ सालचा. न्यूयॉर्कचे मनोरे पडून तीन आठवडे झाले होते, देश आधीच घाबरलेला होता. अशा वेळी चुकीचा इशारा दिला तर नाव जातं. डॉ. बुश यांनी पाम बीच परगण्याच्या आरोग्य संचालक डॉ. जीन मालेकी यांना फोन केला आणि मनातली शंका सरळ सांगितली. सॅम्पल जॅक्सनव्हिलला राज्याच्या लॅबमध्ये गेलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, १९९९ साली देशभरातल्या लॅबचं एक जाळं उभारलं होतं आणि त्या जाळ्यातल्या लोकांना नेमकं हेच काम शिकवलं होतं. जॅक्सनव्हिलला असं शिकून आलेला माणूस बाकावर हजर होता. ४ ऑक्टोबरला निदान जाहीर झालं. ५ ऑक्टोबरला रुग्ण दगावले.

रुग्ण वाचला नाही, मग एवढं करून काय साधलं, असं मला एका रेसिडेंटने एकदा विचारलं होतं. साधलं ते असं. त्याच कचेरीत टपाल वाटणारे दुसरे एक गृहस्थ मायामीच्या एका हॉस्पिटलात न्यूमोनिया म्हणून आधीच पडून होते. त्यांचा आजार आता ओळखता आला आणि ते वाचले. कचेरीतल्या बाकी सगळ्यांना औषध सुरू झालं. देशभरातले डॉक्टर डोळे उघडून बघायला लागले. जंतू भरून टपालाने पाठवलेल्या पत्रांनी एकूण २२ जण आजारी पडले, ११ जणांना फुप्फुसाचा आणि ११ जणांना कातडीचा अँथ्रॅक्स झाला, आणि ५ जण गेले. पहिली प्लेट टाकून दिली गेली असती तर हा आकडा कुठे गेला असता, याची कल्पना मला करवत नाही.

पुढे त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या ब्रेंटवूड टपाल केंद्रातले कामगार आजारी पडले. १९ ऑक्टोबरला त्यांच्यातले एक व्हर्जिनियात इनोव्हा फेअरफॅक्स हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आले. फार आजारी दिसत नव्हते. एक्स-रेतही डोळ्यांत भरण्यासारखं फारसं नव्हतं. पण ते कुठे काम करतात हे कळल्यावर तिथल्या डॉ. सिसील मर्फी यांनी त्यांना घरी पाठवलं नाही, छातीचा सीटी स्कॅन केला. त्यात दोन फुप्फुसांच्या मधली जागा सुजलेली दिसली. लगेच औषध सुरू झालं, माणूस वाचला. त्याच केंद्रातले दुसरे एक कामगार दुसऱ्या एका हॉस्पिटलातून पोटाचा विकार म्हणून घरी गेले, आणि परत आले त्याच दिवशी दगावले. एकाच छताखाली काम करणारी ही दोन माणसं.

आपल्या केसपेपरवर 'व्यवसाय' असा रकाना असतो. रात्री दोन वाजता खिडकीवरचा कारकून त्यात काय लिहितो? बहुतेक वेळा काहीच नाही, किंवा 'नोकरी'. मी नव्या हाऊसमनना शिकवताना हा एकच रकाना घेऊन अर्धा तास बोलत असे. बाई कुठे काम करतात? कातडी कमावण्याच्या कारखान्यात, कत्तलखान्यात, पोस्टात, लॅबमध्ये? घरात आणखी कुणाला ताप आहे? परवा कुठल्या लग्नाला गेल्या होत्या? गावाकडे जनावरं मेली का? हे प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. कॅज्युअल्टीत दीडशे माणसं उभी असताना ते विचारायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळावा म्हणून खाटेमागे पुरेसे डॉक्टर लागतात. तयारीच्या बैठकीत संरक्षक सूट किती घ्यायचे यावर तासभर चर्चा होते. रात्रपाळीला किती हाऊसमन असावेत, हा विषय निघाला की 'तो वेगळा प्रश्न आहे' असं उत्तर मिळतं. माझ्या मते प्रश्न तोच आहे.

त्याच ऑक्टोबरात मुंबईतही पाकिटं यायला लागली. कुणाच्या टपालात पांढरी पूड, कुणाच्या टेबलावर पांढरी पूड. लोक मनापासून घाबरलेले असत आणि त्यांना हसणं हा गुन्हा ठरला असता. एक कारकून पाकीट रुमालात गुंडाळून लोकलने घेऊन आला आणि थेट आमच्या बाकावर ठेवून म्हणाला, "मॅडम, यात अँथ्रॅक्स आहे." वाटेत डब्यात शेजारी किती माणसं होती ते त्याच्या लक्षातही नव्हतं. त्याचा काय दोष? पाकीट हलवायचं नाही, हुंगायचं नाही, खोलीचा पंखा बंद करायचा, हात धुवायचे आणि जागेवरूनच फोन करायचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या पुड्यांमध्ये टाल्कम निघालं, मैदा निघाला, कॅरमबोर्डाची पावडर निघाली. प्रत्येक पुडीला तीच काळजी, तोच सेफ्टी कॅबिनेट, तीच नोंद आणि तेवढेच दिवस. या कामामागे रोजचे टीबीचे, टायफॉइडचे सॅम्पल थांबून राहिले. भीतीच्या लाटेत लॅब बुडते ती अशी, आणि खरा रुग्ण त्या ढिगात कुठे असेल याची धास्ती सतत मनात असते.

गर्दीचं म्हणाल तर सगळ्यात मोठा धडा टोकियोचा आहे. २० मार्च १९९५ च्या सकाळी ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला. हा रासायनिक हल्ला होता, जंतूंचा नव्हे. पण याच पंथाने १९९३ साली टोकियोच्या कामेइदो भागातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्सचे जंतू फवारून पाहिले होते. त्यांच्या हाती लशीचा निरुपद्रवी वाण होता म्हणून कुणाला काही झालं नाही, शेजाऱ्यांनी फक्त घाण वास येत असल्याची तक्रार केली. म्हणजे त्या सकाळी टोकियोच्या हॉस्पिटलांनी जे झेललं, ते दुसऱ्या कुठल्या रूपातही येऊ शकलं असतं.

सेंट लूक्स हॉस्पिटल त्या स्टेशनांना जवळचं. साडेआठच्या सुमाराला पहिले रुग्ण आले आणि दिवसभरात ६४० जण आले. अँब्युलन्सने आले ते थोडेच. बहुतेक जण चालत आले, टॅक्सीने आले, रस्त्यावरच्या कुणीतरी गाडीत घालून आणलं. अग्निशमन दलाकडून पहिली बातमी मिळाली ती दुसऱ्याच रसायनाची, अ‍ॅसिटोनायट्राइलची. डॉक्टरांना दिसत होत्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या. तेवढ्यात नागानो प्रांतातल्या शिन्शू विद्यापीठातून डॉ. नोबुओ यानागिसावा यांचा फोन आला. त्यांच्या भागात मात्सुमोतो शहरात आदल्या वर्षी याच पंथाने सरिन सोडलं होतं, त्यांनी ते रुग्ण पाहिले होते. टीव्हीवर लक्षणं बघून त्यांनी ओळखलं आणि कुणी न विचारता कळवलं. पोलिसांकडून सरिनचं नाव जाहीर झालं ते अकराच्या सुमारास, आणि हॉस्पिटलला ते कळलं टीव्हीवरून.

हॉस्पिटलचे प्रमुख डॉ. शिगेआकी हिनोहारा तेव्हा ८३ वर्षांचे होते. त्यांनी त्या दिवसाच्या नेहमीच्या शस्त्रक्रिया आणि ओपीडी बंद करायला लावली आणि येईल त्याला आत घ्या असं सांगितलं. आत घ्यायचं कुठे? इथे एक जुनी गोष्ट कामाला आली. १९४५ च्या मार्चमध्ये टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले तेव्हा हिनोहारा याच हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होते. भाजलेली माणसं ठेवायला जागा नव्हती, ती त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १९९२ साली नवी इमारत उभी राहिली तेव्हा त्यांनी रुंद कॉरिडॉर आणि मोठी लॉबी मागून घेतली आणि चॅपेलच्या भिंतींतसुद्धा ऑक्सिजनच्या नळ्या बसवून घेतल्या. प्रार्थनेच्या खोलीत ऑक्सिजन कशाला, ही उधळपट्टी आहे, अशी टीका झाली. तीन वर्षांनी त्याच चॅपेलमध्ये रुग्ण झोपवले गेले.

एवढ्यावर हा किस्सा संपवला तर तो ऐकायला छान वाटतो, आणि बहुतेक व्याख्यानांत तो तिथेच संपतो. पण सेंट लूक्सच्या डॉक्टरांनी स्वतःच पुढचा भाग लिहून ठेवला, आणि मला त्यांचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्यासाठी. आल्याआल्या रुग्णांचे कपडे काढून घेतले गेले नाहीत. कपड्यांत मुरलेला वायू खोलीत पसरत राहिला. चॅपेलमध्ये हवा खेळती नव्हती. नंतर कर्मचाऱ्यांची विचारपूस केली तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी २३ टक्के लोकांना त्रास झालेला निघाला. चॅपेलमध्ये काम केलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होतं, इमर्जन्सी विभागात १७ च्या आसपास. हुद्द्याप्रमाणे पाहिलं तर डॉक्टरांत सुमारे २२ टक्के, नर्सेसमध्ये २६-२७, आणि नर्सेसच्या हाताखालच्या मदतनीस बायकांमध्ये ३९ टक्के. रुग्णाला उचलणाऱ्या, पुसणाऱ्या, त्याचे कपडे आवरणाऱ्या बायका त्या.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या मावशी दिसल्या. आपल्याकडे आयांना मावशी म्हणतात, वॉर्डबॉयना मामा. हॉस्पिटल त्यांच्या हातांवर चालतं.

एका मोठ्या हॉस्पिटलात, नाव घेत नाही, आम्ही ड्रिल ठेवलं होतं. प्लॅनची फाइल जाडजूड होती. नोडल अधिकारी कोण, कंट्रोल रूम कुठे, प्रवक्ता कोण, सगळं छापलेलं. 'चतुर्थ श्रेणी कर्मचारी आवश्यक ते सहकार्य करतील' अशी एक ओळ होती, तेवढीच. ड्रिल सुरू झालं. संशयित रुग्ण म्हणून एका विद्यार्थ्याला स्ट्रेचरवर आणलं. अंगावर चढवायचं संरक्षक किट आणायला मामा धावले तर स्टोअरला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते स्टोअरकीपर पाळी संपवून आसनगाव लोकलमध्ये बसलेले. फोनच्या यादीतल्या पहिल्या नंबरावर जे साहेब होते ते निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांनी बिचाऱ्यांनी फोन उचलला आणि आपुलकीने चौकशीही केली. दुसरा नंबर लागेना. शेवटी इन्चार्ज सिस्टरने स्वतःच्या मोबाइलवरून आरएमओना गाठलं.

किट आलं, विद्यार्थ्याचे कपडे काढून पिशवीत भरायची वेळ आली. तेव्हा भिंतीशी उभ्या असलेल्या एक मावशी पुढे आल्या. "मॅडम, हे कपडे उचलायचे कुणी?" कुणी काही बोललं नाही. "म्हणजे मीच ना? मग मला ते हातमोजे कुठले घालायचे ते दाखवा. आणि घरी जाताना मी अंघोळ कुठे करायची? आमच्या चेंजिंग रूमला नळ आहे, पाणी नाही." फाइल तयार करणाऱ्या समितीत आम्ही सगळे शिकलेले लोक होतो. हे दोन्ही प्रश्न त्या फाइलमध्ये नव्हते.

पुढच्या ड्रिलपासून मावशी आणि मामा पहिल्या रांगेत बसायला लागले. किट घालणं सोपं असतं, काढणं अवघड, आणि लागण होते ती काढताना. हे नुसतं सांगून पटत नाही. म्हणून आम्ही अंधारात चमकणारी एक पूड वापरत असू. साध्या उजेडात ती दिसत नाही, जांभळा दिवा लावला की उजळते. किटवर ती लावायची, नेहमीसारखं किट काढायला सांगायचं, हात धुवायला लावायचे आणि मग खोलीतले दिवे घालवून जांभळा दिवा धरायचा. त्याच मावशींच्या मनगटावर बांगड्यांच्या खाली हिरवट रेघ चमकली, मानेवर बोटांचे ठसे चमकले आणि मंगळसूत्राच्या वाट्या दोन्हीकडून चमकल्या. किट काढताना त्यांनी सवयीने मंगळसूत्र सारखं केलं होतं. खोली एकदम गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून त्या ड्युटीवर मंगळसूत्र कपाटात ठेवून यायला लागल्या आणि नव्या सिस्टर्सना स्वतः दटावायला लागल्या, "आधी पाठीमागची गाठ, मग हात, तोंडाला सगळ्यात शेवटी." २०२० मध्ये कोविड आला तेव्हा त्यांच्या पाळीत किट काढताना घाई करायची कुणाची टाप नव्हती.

कोविडच्या आधी महाराष्ट्राने गर्दीचा एक धडा घेतला होता तो पुण्यात. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. दुसऱ्या दिवसापासून नायडू हॉस्पिटलसमोर रांगा लागल्या. साधी सर्दी झालेली माणसं आणि खरोखर आजारी माणसं एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून. हल्ला असो की साथ, हॉस्पिटलला आधी फाटक सांभाळावं लागतं. कोणी कुठल्या दारातून आत यायचं, खोकणाऱ्याला कुठे बसवायचं, नातेवाइकाला कुठे थांबवायचं. हे ठरवणारा माणूस बहुधा सिक्युरिटीचा गार्ड असतो, कंत्राटी, महिन्याला बदलणारा. त्याला ड्रिलला बोलवा म्हणून मी बरीच पत्रं लिहिली आहेत.

आता एक असा किस्सा सांगते जो आमच्याच आवारातला आहे आणि तरीही फार थोड्यांना माहीत आहे. २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्टेशनवर पाकूरच्या जमीनदार घराण्यातला अमरेंद्रचंद्र पांडे हा तरुण घरच्यांबरोबर गाडीला निघाला होता. खादी नेसलेला एक बुटका माणूस त्याला घासून गेला आणि त्याच्या उजव्या दंडाला काहीतरी टोचलं. माणूस गर्दीत नाहीसा झाला. अमरेंद्रला ताप चढला, काखेत गाठी आल्या आणि ४ डिसेंबरला तो गेला. मरणाआधी डॉक्टरांनी त्याचं रक्त कल्चरला पाठवलं होतं. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्या रक्तातून प्लेगचा जंतू निघाला. त्या काळात कलकत्त्यात प्लेग नव्हता. मग हा आला कुठून?

धागा मुंबईला पोहोचला. अमरेंद्रचा सावत्र भाऊ विनयेंद्र याला इस्टेट हवी होती. त्याचा साथीदार डॉ. तारानाथ भट्टाचार्य याने प्लेगचे जंतू मिळवण्यासाठी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटकडे आधी मागणी केली होती. सर्जन जनरलची परवानगी आणा, असं तिथून उत्तर गेलं आणि दार बंद झालं. मग त्याने दुसरं दार शोधलं. जुलै १९३३ मध्ये ओळखीपाळखीने तो आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या कस्तुरबा हॉस्पिटलात, संशोधनाच्या नावाखाली काम करायला लागला. आपल्याकडे प्लेगवर औषध आहे, ते पडताळून बघायचं आहे, अशी त्याची बतावणी. हॉस्पिटलने मागितल्यावर हाफकिनने जंतू दिले, कारण हॉस्पिटल मागतंय म्हटल्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. उंदरांवर प्रयोग करून जंतू मारक आहेत याची त्याने खात्री करून घेतली आणि काम अर्धवट टाकून तो अचानक कलकत्त्याला निघून गेला. १९३५ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली, १९३६ मध्ये हायकोर्टाने ती काळ्या पाण्याच्या जन्मठेपेवर आणली.

लॅब सुरक्षेच्या प्रशिक्षणात मी परदेशातली उदाहरणं मागे ठेवून हेच सांगत असे. एका संस्थेने नियम पाळला, तो दुसऱ्या संस्थेच्या भलेपणातून फुटला. ज्याने जंतू नेले तो डॉक्टर होता, शिफारशीने आला होता, नम्रपणे वागत होता. म्हणून आमच्या फ्रीझरला दोन किल्ल्या, काढलेल्या प्रत्येक नळीची सही, आणि पाहुण्या संशोधकाबरोबर कायम आमचा एक माणूस. तरुण मुलांना हा जाच वाटतो. कुणावर अविश्वास दाखवायला मलाही आवडत नाही, पण आर्थर रोडवरून रोज जाता-येता मला ही गोष्ट विसरता आली नाही. कलकत्त्यातल्या त्या डॉक्टरांनाही मी मनोमन नमस्कार करते. तापाचा रुग्ण मरायला टेकलेला असताना त्यांनी रक्त कल्चरला पाठवलं. ते पाठवलं नसतं तर हा खून न्यूमोनिया म्हणून नोंदला गेला असता.

मुंबईचं प्लेगशी नातं याहून जुनं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ताप आणि गाठींचे रुग्ण पाहून हा प्लेगच आहे असं सांगणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे गोव्याचे, हडफड्याचे. शहराला आणि सरकारला ते ऐकायचं नव्हतं, व्यापार बुडेल ही भीती होती. ते मागे हटले नाहीत. पुढे शास्त्रज्ञ हाफकिन आले, लस झाली, इन्स्टिट्यूट उभं राहिलं, ते सगळं या निदानानंतर.

आणि एक किस्सा पुण्याशी जोडलेला. कोरेगाव पार्कातून १९८१ मध्ये रजनीश अमेरिकेला गेले आणि ओरेगनमध्ये त्यांची नगरी वसली. तिथल्या वास्को परगण्याच्या निवडणुकीत विरोधी मतदार घरीच पडून राहावेत, म्हणून सप्टेंबर १९८४ मध्ये द डॅल्स या गावातल्या दहा रेस्टॉरंटांच्या सॅलड बारमध्ये पंथाच्या काही लोकांनी साल्मोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ जण आजारी पडले, ४५ जण हॉस्पिटलात दाखल झाले. गावात एकच हॉस्पिटल, ते भरून गेलं. कुणी मेलं नाही. तपासाला तज्ज्ञ आले आणि त्यांनी निष्कर्ष काढला की स्वयंपाकघरातल्या लोकांची स्वच्छता कमी पडली. मुद्दाम कुणी असं करेल हे कुणाच्या मनाला पटत नव्हतं. वर्षभर तोच निष्कर्ष राहिला. सप्टेंबर १९८५ मध्ये खुद्द रजनीशांनीच पत्रकार परिषद घेऊन आपल्या सचिव शीला यांच्यावर आरोप केले, तेव्हा तपास पुन्हा उघडला. नगरीतल्या लॅबची झडती झाली आणि तिथे साल्मोनेलाची एक कुपी सापडली.

ती कुपी आणि गावातला आजार यांचा संबंध जोडता आला, कारण वर्षभरापूर्वी रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांतून काढलेले जंतू फेकून न देता कुणीतरी जपून ठेवले होते. दोन्ही पडताळले, एकच निघाले. त्यावर खटला उभा राहिला, शीला आणि नगरीच्या दवाखान्याचं काम बघणाऱ्या नर्सला शिक्षा झाली. तपासाचा शास्त्रीय अहवाल जर्नलमध्ये आला तो १९९७ साली.

आपल्या हॉस्पिटलांत साथीतले जंतू असे जपले जातात का? काही ठिकाणी जपले जातात. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेची सर्वोच्च सुरक्षेची लॅब आहे, सुदुंब्रेला अशा प्रसंगांसाठी शिकवलेली एनडीआरएफची बटालियन आहे, २००८ पासून जैविक आपत्तीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पण नमुना पाषाणपर्यंत जायचा तर आधी तो तालुक्याच्या रुग्णालयात काढला गेला पाहिजे, थंड राहिला पाहिजे आणि कुणीतरी रविवारी संध्याकाळी गाडी काढून तो पोहोचवला पाहिजे. मी ज्या शेवटच्या लॅबमध्ये होते तिथे उणे सत्तरचा फ्रीझर आहे, त्यात गेल्या कित्येक साथींचे नमुने आहेत, आणि वीज गेली की त्याला जनरेटरची लाइन नाही. पावसाळ्यात फीडर ट्रिप झाला की रात्रपाळीचा टेक्निशियन उठून बर्फाच्या पेटीत नळ्या हलवतो. ही लाइन द्या म्हणून अर्ज केलेला आहे. वायरमन येऊन मोजमाप घेऊन गेला आहे, अंदाजपत्रक वर गेलेलं आहे. तेवढं एक काम पुढच्या पावसाळ्याच्या आत व्हावं.